मागच्या चाकाची बांधणी: ३६ स्पोक, तीन क्रॉस (प्रकल्प नोंदी)

७ नोव्हेंबर

धाकट्या भावाच्या सायकलचं मागचं चाक नव्याने बांधायला घेतलंय. जुन्या चाकाचे स्पोक तुटायचे ते नेहमी एकाच जागी: हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) फ्लँजमधून, म्हणजे स्पोक अडकवायच्या भोकांच्या कड्यातून, बाहेर पडताना स्पोकला जिथे कोपर असतं तिथे. एक बदलला की थोड्या दिवसांत शेजारचा जायचा. तुटलेले तुकडे डबीत जपून ठेवले होते, ते आज भिंगाखाली पाहिले. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग गुळगुळीत आणि काळपट, कडेचा जरासा भाग तेवढा खरबरीत नि चकचकीत. म्हणजे झटक्याने तुटलेलं काहीच नाही. बारीक भेग आत आत सरकत गेली आणि उरलेला धातू शेवटी सुटला. हा थकवा आहे. एवढ्यासाठी सरसकट जाड स्पोक टाकण्यात अर्थ नाही.

सामान जमलं. हब ३६ भोकांचा, फ्लँजवर भोकांच्या वर्तुळाचा व्यास ४५ मि.मी. मध्यरेषेपासून डावा फ्लँज ३५ मि.मी. वर, उजवा फक्त २० मि.मी. वर, कारण उजवीकडे कॅसेटला, म्हणजे गिअरच्या दातेरी चक्रांना, जागा द्यावी लागते. या दोन आकड्यांतला फरक पुढे बराच छळणार आहे. रिम नवी, निपलच्या (रिमपाशी स्पोक आवळायच्या नटाच्या) बैठकीपासून समोरच्या बैठकीपर्यंत ६०० मि.मी. स्पोक बटेड, म्हणजे दोन्ही टोकांना २ मि.मी. आणि मध्ये १.८ मि.मी. निपल पितळी. ॲल्युमिनियमचे वजनाला हलके, पण चावीने त्यांचे कोपरे लवकर झिजतात. मागच्या चाकाला मला ते नकोत.

या वेळी अंदाजपंचे काही करायचं नाही. भरायची पद्धत आधी कागदावर ठरवायची.

९ नोव्हेंबर

चिरंजीवांची फर्माईश आली: “ताई, रेडियल कर ना! कसलं भारी दिसतं.”

रेडियल म्हणजे स्पोक हबमधून सरळ रिमकडे, एकमेकांना न छेदता. दिसतं खरंच छान. नुसतं ‘नाही’ म्हटलं तर तो ऐकणार नाही, म्हणून हिशेब मांडला.

तो ७० किलोचा. चढावर उभं राहून पेडलवर अख्खं वजन टाकलं तर साधारण ७०० न्यूटन. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७० मि.मी. म्हणजे पीळ (टॉर्क) ११९ न्यूटन-मीटर. पुढे-मागे सारख्या दात्यांची चक्रं असली तर तेवढाच पीळ हबवर येतो, आणि मागचं चक्र मोठं असेल तर त्याहून जास्त. हा पीळ हबपासून रिमपर्यंत पोचवायला स्पोकशिवाय दुसरं काही नाही.

स्पोक पीळ नेतो तो तिरका असला तरच. त्याची रेषा ॲक्सलच्या मध्यापासून जितकी दूर, तितकी त्याची तरफ लांब. रेडियल स्पोकची रेषा थेट मध्यातून जाते, तरफ शून्य. मग रेडियल चाक पेडल मारताच निसटतं का? नाही. हब रिमच्या तुलनेत थोडा फिरतो, स्पोक आपोआप तिरके होतात आणि तरफ तयार होते. प्रत्येक स्पोकला १००० न्यूटन ताण धरून गणित केलं तर हब जवळजवळ ६ अंश फिरल्यावर तोल साधतो, आणि तोवर प्रत्येक स्पोकचा ताण अडीचशे न्यूटनच्या वर वाढलेला असतो. प्रत्येक जोरकस पेडलला हे होणार. तीन क्रॉसमध्ये, म्हणजे प्रत्येक स्पोक वाटेत त्याच बाजूच्या तीन स्पोकांना छेदतो तेव्हा, तेवढ्याच पिळाला हब फिरतो पाव अंश.

रेडियल चाकाला पिळाची सोय वेगळी करावी लागते, हे पूर्वीच्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांच्या १८७० च्या ‘एरियल’ सायकलच्या पुढच्या चाकाचे स्पोक सरळच होते, आणि हबपासून रिमपर्यंत वेगळी तरफ बसवून हब फिरवायचा नि सगळ्या तारा एकदम ताणायच्या अशी रचना होती. १८७४ मध्ये स्टार्लीने स्पर्शरेषेत जाणाऱ्या स्पोकचं पेटंट घेतलं आणि ती तरफ निकालात निघाली. स्पोकच तरफ झाले. आज आपण भरतो ती जाळी तीच.

पुढच्या चाकाला रिमब्रेक असेल तर रेडियल चालतं. तिथे ब्रेक रिमवरच धरतो, हबमधून पीळ जातच नाही. फ्लँज मात्र तेवढा दणकट हवा, कारण सरळ ओढीने भोक आणि कडा यांच्यामधला धातू फाटू शकतो. काही हब बनवणारे रेडियल भरलंत तर हमी नाही असं स्पष्ट लिहितात.

धाकटा म्हणाला, “बरं, पुढचं तरी?” पुढचं पुढे बघू.

१० नोव्हेंबर

किती क्रॉस? ३६ स्पोकच्या चाकात एका फ्लँजवर १८ भोकं, दोन भोकांत २० अंश. प्रत्येक क्रॉसमागे स्पोक तेवढा जास्त तिरका. या हबची तरफ काढली: एक क्रॉसला ८.३ मि.मी., दोनला १५.३, तीनला २०.२, चारला २२.४. याहून जास्त मिळणंच शक्य नाही, कारण भोकांच्या वर्तुळाची त्रिज्याच २२.५ आहे.

आकडे बोलके आहेत. एकावरून दोनवर गेलं की तरफ जवळपास दुप्पट. तीनवरून चारवर जेमतेम अकरा टक्के वाढ. तोच ११९ चा पीळ ३६ स्पोकांनी सारखा वाटून घेतला तर एका क्रॉसमध्ये प्रत्येक स्पोकच्या ताणात ४०० न्यूटनचा चढउतार, दोनमध्ये २१६, तीनमध्ये १६४, चारमध्ये १४८. चार क्रॉसमध्ये स्पोक शेजारच्या स्पोकच्या डोक्यावरून घासत जातो, तुटला तर काढताना कटकट. त्या सोळा न्यूटनसाठी ही कटकट कोण घेणार? तीन क्रॉस, विषय संपला.

हे गणित भोकांवर अवलंबून असतं, हे लोक विसरतात. ‘तीन क्रॉस उत्तम’ हे सरसकट वाक्य नाही. २४ भोकांच्या हबला तीन क्रॉस म्हणजे पूर्ण ९० अंश. तिथे दोनच बरे. ढोबळ नियम असा की स्पोकांच्या संख्येला नऊने भागावं आणि येणाऱ्या आकड्याच्या वर जाऊ नये.

दोन स्पोक एकमेकांभोवती पिळून भरायची एक नक्षी असते, हिमकणासारखी दिसणारी. भिंतीवर टांगायला उत्तम. पिळाच्या जागी स्पोक वाकतो, आणि वाकलेल्या जागी थकवा सगळ्यात आधी येतो.

१४ नोव्हेंबर

लांबी. रिमची त्रिज्या ३००, फ्लँजची २२.५, फ्लँजचं मध्यापासून अंतर आणि मधला कोन ६० अंश. पहिल्या तिन्हींच्या वर्गांची बेरीज करायची, त्यातून दोन त्रिज्या नि कोसाइन यांच्या गुणाकाराची दुप्पट वजा करायची आणि वर्गमूळ घ्यायचं. त्यातून फ्लँजच्या भोकाची त्रिज्या, १.३ मि.मी., वजा. उजवीकडे २८८.८, डावीकडे २९०.२ आले. घेतले २८८ आणि २९०. अर्धा-एक मि.मी. आखूड चालतो, लांब झाला तर निपलचे आटे संपतात आणि चावी फिरेनाशी होते.

१५ नोव्हेंबर

स्पोक भरले. रिम मांडीवर, हब मध्ये, समोर वाटीत तेल. प्रत्येक स्पोकचे आटे तेलात बुडवून घेतले.

पहिला स्पोक उजव्या फ्लँजमध्ये बाहेरून आत, डोकं बाहेर. तो रिमच्या व्हॉल्व्हशेजारच्या भोकात. मग फ्लँजवर एक भोक सोडून एक, रिमवर दर चौथं भोक. असे नऊ. त्यानंतर डाव्या बाजूचे नऊ. इथे फ्लँज उजव्याच्या अगदी समोरासमोर नसतो, अर्ध्या भोकाने सरकलेला असतो, ते आरपार एक स्पोक घालून तपासलं. तोपर्यंत हब सैल लोंबतो आणि हे कधीच चाक होणार नाही असं वाटतं. मग हब हाताने फिरवला, की सगळे स्पोक एकदम तिरके होतात आणि जाळी दिसायला लागते.

उरलेले अठरा आतून बाहेर, उलट्या तिरप्याने. प्रत्येकाने समोरच्या तीन स्पोकांना छेदायचं: पहिले दोन बाहेरून, तिसरा आतून. ही शेवटची विण महत्त्वाची. दोन स्पोक एकमेकांना टेकून राहतात, त्यामुळे एकाचा ताण क्षणभर उतरला तरी दुसरा त्याला धरून ठेवतो.

मागे झुकणारे, म्हणजे पेडल मारताना ताणले जाणारे स्पोक मी फ्लँजच्या आतल्या बाजूने घेतले. पेडलवर जोर आला की ते ताठ होतात आणि विणीचा सांधा आत, डिरेलरपासून (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागापासून) दूर ओढतात. उलट भरलं तर तोच सांधा बाहेर येतो. पहिल्या गिअरवर डिरेलरचा पिंजरा स्पोकांना निसटता घासल्याचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

व्हॉल्व्ह दोन समांतर स्पोकांच्या मधोमध आलाय का पाहिलं. आलाय, पंपाचं तोंड बसेल.

१६ नोव्हेंबर

ताण चढवला. निपलला इंचाला ५६ आटे, म्हणजे एका फेऱ्यात ०.४५ मि.मी. स्पोक १००० न्यूटनला साधारण ०.५७ मि.मी. ताणला जातो. त्यामुळे रिम जागची हललीच नाही असं मानलं तर पाव फेऱ्यात २०० न्यूटनचा फरक पडतो. शेवटी शेवटी पाव फेरासुद्धा फार असतो.

पण रिम जागची हलते. सगळ्या स्पोकांच्या ताणाची बेरीज भागिले पायच्या दुप्पट, इतका दाब रिमच्या अंगातून चारी बाजूंनी जातो. या चाकात तो ५.४ किलोन्यूटनच्या आसपास बसेल, म्हणजे साडेपाचशे किलोंचं ओझं. त्याखाली रिमची त्रिज्या जवळपास पाव मि.मी. कमी होते. म्हणूनच शेवटचे स्पोक आवळले की आधी आवळलेले किंचित सैल सापडतात, आणि टायरमध्ये हवा भरली की सगळ्यांचाच ताण थोडा उतरतो. टायरची हवाही रिमला आत दाबते.

आधी उंचसखलपणा काढला, मग आऊट, म्हणजे रिमचं डावी-उजवीकडे डुलणं. आऊट काढताना एकाच स्पोकवर राग काढायचा नाही. रिम डावीकडे गेली असेल तर तिथले उजवे थोडे आवळायचे, डावे तेवढेच सोडायचे, म्हणजे गोलाई बिघडत नाही. निपल फिरवताना स्पोक स्वतःही पिळला जातो. तो पीळ घालवायला थोडं पुढे नेऊन परत मागे आणायचं. १.८ मि.मी. च्या स्पोकवर बोट ठेवलं की तो वळतोय हे चक्क कळतं.

१७ नोव्हेंबर

आज डिश. रिम कॅसेटच्या नव्हे, ॲक्सलच्या टोकांच्या बरोबर मध्ये हवी. दोन्ही बाजूंची आडवी ओढ सारखी झाली तरच ती मध्ये राहते. उजवा स्पोक जवळजवळ उभा, ४ अंशांचा. डावा ७ अंशांच्या जवळ. कमी तिरका असलेल्याला जास्त ओढावं लागतं. उजवीकडे १२०० न्यूटन असतील तर डावीकडे ६९० च्या आसपासच बसतात, ५७ टक्के. हे प्रमाण हबची भूमिती ठरवते. चावीने ते बदलता येत नाही. डावे आवळत बसलं तर रिम डावीकडे जाते, मग उजवे आवळा, आणि शेवटी रिम रडते.

हे कानानेही पकडता येतं. स्पोक छेडल्यावर त्याचा सूर ताणाच्या वर्गमुळावर चढतो. दोन्हीकडे स्पोक एकाच जाडीचे, लांबी जवळपास तीच, म्हणून डावा सूर ‘सा’ धरला तर उजवा ‘शुद्ध म’ लागायला हवा, गुणोत्तर १.३२, मध्यमाचं १.३३. पेटीवर लावून पाहिलं. विणीच्या सांध्यापासून रिमपर्यंतचा तुकडा छेडला, दोन्ही बाजूंना. बरोबर सा आणि म. ताण मोजायच्या मीटरने मोजून मग पेटी काढली असती तरी चाललं असतं, पण क्रम उलटा ठेवला, मजा म्हणून. एका बाजूचे सगळे स्पोक एकमेकांशी सुरात लावणं हेच खरं काम. मीटरचा आकडा शंभर-दोनशे न्यूटनने चुकला तरी फारसं बिघडत नाही, शेजाऱ्याशी जमलं नाही तर बिघडतं.

डावी बाजू ‘सैल’ म्हणून तिला कमी लेखतात. आडवा कडकपणा मात्र तिरप्याच्या साइनच्या वर्गावर जातो, आणि तो डावीकडे उजव्याच्या तिप्पट आहे. चाक आडवं लवू नये म्हणून खरं काम ६९० न्यूटनवाले करतात. त्यांचा धोका वेगळा: ताण मुळात कमी, म्हणून खड्ड्यात तो सगळ्यात आधी शून्यावर येतो, निपल मोकळा फिरतो, कोपर हलतं. डावीकडे मध्ये १.५ मि.मी. चे स्पोक घेतले तर त्याच ताणाला ते जास्त लांबतात, त्यामुळे सैल पडायला उशीर होतो. पुढच्या बांधणीला हेच करणार. दुसरा उपाय डावीकडे निम्मेच स्पोक ठेवायचा, २४ ला १२. मग डावीकडचा ताण उजव्याच्याही थोडा वर जातो. पण त्यासाठी हब आणि रिम दोन्ही वेगळ्या भोकांच्या लागतात.

१८ नोव्हेंबर

समांतर स्पोकांच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबल्या, चाकभर, दोन्ही बाजूंनी. हातमोजे घालून. टिंग टिंग आवाज येत राहिले, ते पीळ सुटल्याचे आणि कोपरं फ्लँजवर नीट बसल्याचे. नवा स्पोक वाकवून कोपर केलं तेव्हा आत अडकलेला ताण अशा दाबाने उतरतो, आणि थकवा तिथूनच सुरू होत असल्याने हे टाळायचं नाही. नंतर आऊट थोडा परत आला, काढला.

२३ नोव्हेंबर

दोन चाचण्या.

पहिली वजनाची. चाक सायकलला लावलं, धाकट्याला बसवलं, भिंतीला हात टेकून. तळाच्या तीन-चार स्पोकांवर मीटरचा काटा स्पष्ट खाली आला. आडव्यांना आणि वरच्यांना जवळजवळ पत्ताच नाही. हे पटायला वेळ लागतो, कारण मनात चित्र असतं हब वरच्या तारांना लटकल्याचं. हब तळाच्या स्पोकांचा ताण उतरवून उभा राहतो, आणि तसं उभं राहता यावं म्हणून आधी ताण भरून ठेवावा लागतो. ताण वाढवला की चाक कडक होतं हाही गैरसमज. कडकपणा पोलादाचा, जाडीचा आणि भूमितीचा. ताणामुळे ठरतं ते एवढंच, की किती ओझ्यापर्यंत स्पोक सैल पडणार नाही.

आणि थकव्याचं मूळ इथेच. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे किलोमीटरमागे प्रत्येक स्पोक पावणेपाचशे वेळा तळाशी येतो आणि ताण गमावून परत मिळवतो. हजार किलोमीटरला पावणेपाच लाख वेळा. जुन्या चाकात काही स्पोक शेजाऱ्यांच्या निम्म्या ताणावर होते. ते दर फेऱ्याला सैल पडत असणार. नक्षी त्या चाकाचीही तीन क्रॉसच होती.

दुसरी पिळाची. मागचा ब्रेक घट्ट धरला, सर्वांत हलका गिअर, धाकटा पेडलवर उभा. मी खाली बसून स्पोक छेडत गेले. मागे झुकलेल्यांचा सूर चढला, पुढे झुकलेल्यांचा उतरला. उजवीकडे अर्ध्या सुराच्या आसपास, जे १६४ न्यूटनच्या हिशेबाशी जुळतं. डावीकडेही हलला, म्हणजे हबची नळी पीळ पलीकडे पोचवते आहे. धाकट्याने विचारलं, “झालं का, पाय दुखतोय.” पुन्हा एक फेरी केली.

१४ डिसेंबर

चाक रोज वापरात आहे. आज काढून तपासलं. आऊट नाही म्हणण्याइतका कमी. उजवीकडचे सूर जुळलेले. डावीकडे व्हॉल्व्हच्या समोरचे दोन किंचित उतरले होते, पाव फेऱ्याहून कमी आवळले. निपल कुठेही मोकळा नाही.

पुढच्या चाकाचं ठरलं: डिस्क ब्रेक येतोय, त्यामुळे रेडियलचा प्रश्नच मिटला. सायकलसह ८५ किलो, ब्रेक लागताना ०.६ जी (गुरुत्वाच्या ०.६ पट) धरला तर जमिनीवर ५०० न्यूटन, चाकाची त्रिज्या ०.३४ मीटर, म्हणजे पीळ १७० न्यूटन-मीटर. पेडलच्या वरच्या हिशेबाच्या जवळपास दीडपट, आणि तोही पुढच्या हबमधून. डिस्कच्या हबचा फ्लँज मोठा आहे, भोकांचं वर्तुळ ५८ मि.मी. ३२ भोकं, तीन क्रॉस, तरफ २७.७ मि.मी., ताणाचा चढउतार १९२ न्यूटन. इथे डिश डाव्या बाजूला, रोटरमुळे (ब्रेकच्या तबकडीमुळे). धाकट्याला कळवलं. तो रंगीत निपल मागतोय. ते पितळेतही मिळतात, देऊन टाकू.